मागच्या झाकणावरचं नाव

आमच्या आईला डाव्या मनगटाकडे बघायची सवय होती. मनगटावर बघण्यासारखं काही नसायचं. दोन बांगड्या असायच्या, त्या ती कोपराकडे सारायची, उघड्या मनगटावर नजर टाकायची आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे वळायची. लहानपणी मी तिची नक्कल करून घरातल्यांना हसवायचो. वडील हसायचे, आजी हसायची. आई हसायची नाही, पण कधी रागावलीही नाही.

कारण मला कळलं ते अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीला लागल्यावर. पहिल्या पगारात आईला घड्याळ घ्यायचं मी ठरवलं होतं. तिला तसं म्हणालो तेव्हा ती मेथी निवडत होती.

"मला नको. मला एकदा झालंय घड्याळ," ती म्हणाली आणि जुडी संपेपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली.

ती मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिला घड्याळ घेतलं होतं. ते पोस्टात होते, पगार बेताचा, पण आळीतली मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी म्हणून त्यांनी हौस केली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला आजीने ते घड्याळ तिच्या हातातून काढलं आणि आपल्या मुलीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, हातात घातलं. "तुला घरात कशाला लागतंय? ही शाळेत जाते," एवढंच आजी म्हणाली. वडील तिथेच सोवळं नेसून बसले होते.

"कसं होतं?" मी विचारलं.

"चवलीच्या नाण्यापेक्षा मोठं नव्हतं. तबकडी सायीच्या रंगाची. काटे निळे. आकडे चारच, बारा, तीन, सहा आणि नऊ. बाकी नुसते ठिपके." पंचवीस वर्षांहून अधिक काळ न हाताळलेली वस्तू तिने अशी सांगितली. मग मेथीच्या काड्या गोळा करून ती उठली आणि हा विषय पुन्हा तिने काढला नाही.

ते घड्याळ मी पाहिलेलं होतं, फक्त ते आईचं आहे हे मला माहीत नव्हतं. आत्याचं सासर अंबरनाथला. दर भाऊबीजेला ती आमच्या बेलवलीच्या घरी यायची आणि वडिलांना ओवाळताना तबकाबरोबर ते मनगटही गोल फिरायचं. आई मागे उभी राहून बघायची. एवढं घड्याळ हातात असून आत्या वर म्हणायची, "वहिनी, आत जाऊन किती वाजले बघा ना, माझी गाडी चुकेल." पुढे ते बंद पडलं, आत्याने नवं घेतलं आणि जुनं कपाटात टाकलं. बंद पडलेलंसुद्धा परत करावंसं तिला वाटलं नाही. माणसं सोनं परत करतात, पण असल्या वस्तू परत करत नाहीत, कारण त्या परत केल्या की घेतल्याचं कबूल करावं लागतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आत्या गेली. माझे वडील त्याआधी दोन वर्षं गेले होते. तेराव्याच्या पंगतीत मी आत्याच्या मुलाला हळूच विचारलं, "आईचं एक जुनं घड्याळ आत्याकडे होतं, ते मिळेल का?"

तो जिलबी वाढत होता. हात थांबवून म्हणाला, "दादा, आज तेराव्याचं जेवण आहे आणि तू घड्याळ काय मागतोस?" हे त्याने चार पानांपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. मग वर म्हणाला, "जुनंपानं सगळं उल्हासनगरच्या माणसाला दिलं आम्ही. पोत्याने गेलं. तुला पाहिजे असेल तर जा आणि शोध."

मी पानावरून उठलो. तेराव्याच्या पानावरून उठू नये म्हणतात, म्हणूनच उठलो. घरी आल्यावर आईला सांगितलं, "मी ते शोधून आणतो." ती म्हणाली, "नको रे, गेलं ते गेलं." असं म्हणताना तिने बांगड्या मात्र कोपराकडे सारल्या. तेव्हा मी ठरवलं की हे घड्याळ तिच्या हातात घालायचंच.

त्यानंतर पाच-सहा रविवार मी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गल्ल्या धुंडाळल्या. अंबरनाथ-बदलापूरच्या घरांतून निघालेली प्रत्येक वस्तू शेवटी तिथे जाते. इस्त्र्या, रेडिओ, चष्म्यांच्या फ्रेमा, मेलेल्या माणसांच्या कवळ्यासुद्धा मी तिथे विकायला ठेवलेल्या पाहिल्या. एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घड्याळं होती. लेडीज घड्याळं त्याने सुतळीत ओवून ठेवली होती, बाजारात मासळी ओवतात तशी. सहाव्या की सातव्या घड्याळाशी माझा हात थांबला. सायीच्या रंगाची तबकडी. निळे काटे. बारा, तीन, सहा, नऊ.

सुतळीतून सोडवून मी ते उलटं केलं. मागच्या झाकणावर एका बाईचं नाव कोरलेलं होतं. तीन अक्षरं, आपण स्टीलच्या भांड्यांवर घालून घेतो तशी, ठिपक्या-ठिपक्यांची. ते माझ्या आईचं नाव नव्हतं.

मी कारखान्यात तपासणीला होतो. आलेल्या मालावरची खूण कागदावरच्या खुणेशी ताडून बघायची, जुळली तर पास, नाही जुळली तर रिजेक्ट, हेच माझं दिवसभराचं काम. तिथेही मी तेच केलं. सारखंच आहे पण ते नव्हे, असं मनात म्हटलं. परदेशातल्या कारखान्यात अशी हजारो बनली असतील, त्यातलं एक कुणा दुसरीला मिळालं असेल.

तरीही ते खाली ठेववेना. किती रविवार अजून फिरणार? आणि आईला एवढ्या वर्षांनी काय ओळखू येणार आहे? तबकडी तीच, काटे तेच. अडचण होती ती फक्त मागच्या नावाची.

माझा चेहरा बघून दुकानदार म्हणाला, "साब, नाम का टेन्शन मत लो. बफ मारेगा तो साफ. नाम तो निकल जाता है."

मी ते घेतलं.

अंबरनाथला स्टेशनबाहेर एका टपरीत घड्याळजी बसायचा. बाप-लेक दोन पिढ्या त्याच टपरीत बसत आलेले. त्याने डोळ्याला भिंग लावलं, पातीने मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"स्विस आहे साहेब. पंधरा ज्वेल. पन्नासच्या आसपासचा माल असणार. स्प्रिंग तुटलीय, बॅलन्सची पिन मोडलीय, तेलाचा पार डिंक झालाय. पण जीव आहे." मग झाकणाची आतली बाजू माझ्यासमोर धरून म्हणाला, "हे खरडलेलं दिसतंय? जो कारागीर उघडतो तो आत आपली खूण करतो. ही खूण माझ्या वडलांची. म्हणजे हे घड्याळ अंबरनाथमधेच फिरलेलं आहे."

यावर मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अंबरनाथला काय घड्याळवाल्या बायका कमी आहेत?"

अंबरनाथला घड्याळं वापरणाऱ्या बायका त्या काळात किती होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या तेराव्याला मी पानावरून उठलो होतो, हे दोन विचार माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आले नाहीत. नाव जुळत नव्हतं ना. एकदा रिजेक्टचा शिक्का मारला की मी त्या मालाकडे पुन्हा बघत नसे.

दुरुस्तीला दीड महिना लागला. पिनेसाठी त्याने दुसरं एक मेलेलं घड्याळ मुंबईहून मागवलं. तबकडीला मी हात लावू दिला नाही. नऊच्या आकड्याजवळ एक पिवळट डाग होता, तोही मी राहू द्यायला सांगितलं. ते जुनं वाटायला हवं होतं, खरं वाटायला हवं होतं. काच नवी, चावी नवी, पट्ट्याऐवजी काळी दोरी, आईच्या काळी असायची तशी. मागचं नाव तेवढं घालवून टाका म्हणालो.

घड्याळजी नाखूश होता. "राहू द्या ना साहेब. मागे कोण बघतंय?"

"बघणारी बघेल."

"झाकण पातळ होईल."

"होऊ दे."

त्याने वहीत लिहिलं, लेडीज स्विस, सर्व्हिसिंग, मागे नाव, काढणे. शेवटी मी आणायला गेलो तेव्हा झाकण आरशासारखं गुळगुळीत होतं आणि घड्याळ कानाशी धरलं की बारीक टिकटिक ऐकू येत होती. मी त्याला खूश होऊन वर चहा पाजला.

बदलापूर स्टेशनवरून बेलवलीला चालत येताना मी गोष्ट रचली. नुसतं घड्याळ देऊन भागणार नव्हतं. आईला घड्याळापेक्षा जास्त काहीतरी हवं होतं, ते काय हे मला कळत होतं, आणि ते माझ्याकडे नसल्यामुळे मी ते बनवलं.

घरात आई खिडकीशी बसून ताटात तांदूळ निवडत होती. बायको स्वयंपाकघरात होती. मी घड्याळ आईच्या ओंजळीत ठेवलं.

तिने ते मांडीवर ठेवलं. मग पदराला हात पुसले. "कुठे मिळालं?"

"आत्याच्या मुलानेच दिलं. कपाटाच्या चोरकप्प्यात होतं. जायच्या आदल्या दिवशी आत्या त्याला म्हणाली होती, ते वहिनीचं आहे, वहिनीला देऊन टाक."

"असं म्हणाली?"

"हो."

"वहिनीचं, असं म्हणाली?"

"हो, आई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला वडील गेले तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं, आवाज न करता, तोंडावर हसू ठेवून. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. एक खोटं बोललो तर बोललो, असं मी मनाशी म्हणतोय तोवर तिने घड्याळ उलटं केलं.

अंगठ्याने झाकण चाचपलं. खिडकीच्या उजेडात धरून तिरकं केलं. पुन्हा अंगठा फिरवला. हसू गेलं.

"हे माझं नव्हे."

"असं कसं? तबकडी बघ, काटे बघ."

"माझ्या घड्याळावर मागे नाव होतं. हरवलं तर परत मिळावं म्हणून अण्णांनी भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून घालून घेतलं होतं."

"तुझं नाव?" मी विचारलं. "कुठलं नाव?"

लग्नात बायकोचं नाव बदलतात हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माझ्याच लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं होतं, फोटोवाल्याच्या सांगण्यावरून दोनदा. पण आईला लग्नाआधी एक नाव असेल, हे चौतिसाव्या वर्षापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आजी तिला "अगं" म्हणायची. मामा "ताई" म्हणायचे, आजोळची पत्रंही "सौ. ताईस" अशीच यायची. रेशनकार्डावर होतं तेच तिचं नाव, असं मी धरून चाललो होतो.

आईने तोंडाने सांगितलं नाही. इतक्या वर्षांत ते उच्चारायची तिला सवय उरली नव्हती की काय कोण जाणे. तिने समोरच्या ताटातले तांदूळ हाताने सारखे केले आणि बोटाने त्यात तीन अक्षरं लिहिली.

तीच तीन अक्षरं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्याने ते एकदा पुसून घेतलं त्याने ते कागदावर मिरवू नये, असं मला वाटतं.

"आई, हेच! याच्यावर हेच होतं!" मी ओरडलोच. "हे तुझंच आहे. मला उल्हासनगरला मिळालं, दुकानात. मागे हेच नाव होतं. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे, म्हणून मी ते काढून टाकायला लावलं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी तापात मी काहीबाही बरळायचो तेव्हा बघायची तसं बघितलं.

"मघाशी आत्या बोलली म्हणालास. आता नाव होतं म्हणतोस. आणखी काय काय होतं?"

"देवाशप्पथ सांगतो."

"ती तसं म्हणाली नव्हती ना?"

तिने ताट हलवलं, तांदूळ सारखे झाले, आणि ती पुन्हा खडे शोधायला लागली. माझ्या हातून आयुष्यात एकदाच खरा माल सापडला होता आणि त्याच्यावरचा खरेपणाचा पुरावा मी स्वतः पैसे देऊन घासून घेतला होता. आत्याने घड्याळ घेतलं, पण नाव तसंच ठेवलं होतं. एवढी वर्षं ती दुसऱ्या बाईचं नाव मनगटाला लावून भाऊबीजेला येत होती. माझ्या मनात जिच्याबद्दल इतका राग होता तिच्याहूनही मी पुढे गेलो.

मी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर घड्याळजीकडे गेलो. "मागे काय नाव होतं, आठवतं का?"

"साहेब, मी यंत्र बघतो. नाव कशाला वाचू?"

त्याच्या मिनतवाऱ्या करून ती वही एका दिवसासाठी मागून घेतली आणि आईसमोर उघडून धरली. "हे बघ. मागे नाव, काढणे. त्याच्या अक्षरात आहे."

तिने चष्मा लावून ओळ वाचली. "नाव होतं असं आहे. कुठलं ते कुठे आहे?"

"आई, नाव होतं ना पण?"

"नाव सगळ्याच बायकांना असतं रे," ती म्हणाली आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

बायको हे सगळं दारातून ऐकत होती. सकाळी डबा हातात देताना तिने विचारलं, "तुम्हाला माझं माहेरचं तरी आठवतंय का?" मी सांगितलं. बरोबर सांगितलं, पण डबा पिशवीत ठेवेपर्यंतचा वेळ घेऊन. "बरोबर," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

घड्याळाचं आई काय करणार याची मला धास्ती होती. वाटलं, कपाटात टाकून देईल. तिने तसं केलं नाही. आठवडाभराने ते तिच्या डाव्या मनगटावर दिसलं. मला हायसं वाटलं, पण ते दुपारपर्यंतच. दुपारी शेजारीण आली आणि म्हणाली, "काय गोड आहे हो घड्याळ!" आई म्हणाली, "माझं नाही. कुण्या बाईचं आहे, हा घेऊन आला. पडून राहण्यापेक्षा चालू राहिलेलं बरं."

तेव्हापासून ते त्या बाईचं घड्याळ झालं. रोज सकाळी आई चावी द्यायची, ठरावीक वीस वेळा, हळूहळू. आंघोळीला जाताना काढून देवाच्या फळीवर ठेवायची. मी विचारलं, "आई, किती वाजले?" तर मनगट वळवून म्हणायची, "त्या बाईचे साडेपाच झाले." टोमणा नसायचा त्यात, हेच जास्त लागायचं. ती बाई कोण असेल, जिवंत असेल का, तिच्याकडून ते कुणी घेतलं असेल, असं ती कधीकधी बायकोशी बोलायची. बायको ऐकून घ्यायची. मी एकदा-दोनदा म्हणालो, "आई, ती बाई तूच आहेस." ती म्हणायची, "बरं." लहान मुलाला म्हणतात तसं. पुढे मी सांगायचं सोडून दिलं.

नव्वदच्या दशकात आम्ही सोनिवलीला नव्या इमारतीत राहायला गेलो. सामान हलवताना तिने ते घड्याळ हातातच ठेवलं. परक्याची वस्तू आहे, हरवायला नको, असं तिचं म्हणणं.

शेवटी तिला ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं. सकाळी आत न्यायच्या आधी सिस्टर आली आणि अंगावरच्या वस्तू काढून द्या म्हणाली. बांगड्या निघाल्या, कुड्या निघाल्या. आईने स्वतःच्या हाताने घड्याळ सोडलं आणि मला न देता सिस्टरला दिलं.

"हे वेगळं ठेवा हं. माझं नाही हे. एका बाईचं आहे."

सिस्टरने पाकीट उघडलं आणि पेन काढलं. "कुठल्या बाईचं? नाव सांगा, वर लिहून ठेवते."

मी ते नाव सांगितलं. त्याआधी मी ते कुणासमोरही उच्चारलं नव्हतं. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

सिस्टरने हातातली पेशंटची यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"या नावाचं कुणी नाही आपल्याकडे."

"मी याला इतकी वर्षं तेच सांगतेय," आई म्हणाली.